माझ्या दुधीचा फोटो

नवरा पेन्शनीत निघाला की बायकोने दुसऱ्याच दिवशी त्याला एक गाय घेऊन द्यावी. गाय निदान दूध देते, आणि नवरा तिच्यामागे वाडीभर हिंडतो. मी गाढवीने कॅमेरा दिला.

कॅमेरा माझ्या भावाचा, सॅन्टनचा. सॅन्टन बोटीवर आचारी आहे आणि दर खेपेला बहिणीसाठी काहीतरी बिनकामाचं आणतो. मागे एकदा त्याने बर्फावरून घसरायचे बूट आणले होते. (वसईत.) त्यामुळे कॅमेराही ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांत पडून होता. पण आमचे हे, म्हणजे फर्डिनंड मच्याडो, मुंबईच्या एका पेढीत तीस वर्षं कारकुनी करून घरी बसले आणि आठवड्याभरात त्यांनी माझ्या मसाल्याच्या बाटल्यांना नंबर घातले. मग कोंबड्यांची हजेरी सुरू केली. एक दिवस चुलीजवळ येऊन म्हणाले, "कॅथरिन, तू कालवणात मीठ दोनदा टाकतेस. एकदाच हिशेबाने टाकलंस तर एक फेरी वाचेल."

मी पळी खाली ठेवली, ट्रंक उघडली आणि ती काळी पेटी त्यांच्या हातात दिली. "ही घ्या. आणि दिवस मावळेपर्यंत वाडीतून आत यायचं नाही."

हीच ती चूक.

पहिला रोल माणसांचा झाला. रोलमध्ये आठ फोटो. आठांपैकी एकालाही डोकं नव्हतं. माझी तर नुसती कंबरच आली. (साऱ्या आळीने ओळखली.)

"माणसं हलतात," हे म्हणाले. दोष माणसांचा. "मला न हलणारं काहीतरी पाहिजे."

"तुम्ही स्वतःचाच काढा ना मग."

पण त्यांना सापडलं. माझ्या दुधीच्या मांडवात एक कोळी होता, पिवळेकाळे पट्टे असलेला, चांगला बंद्या रुपयाएवढा. दोन-दोन पाय जोडून तो जाळ्याच्या मधोमध सारखा बसलेला, आणि जाळ्यात पांढरी नागमोडी रेघ काढलेली, एखाद्या साहेबाने सही ठोकावी तशी. ह्यांनी त्याचं नाव क्लेमेंट ठेवलं. क्लेमेंट म्हणजे ह्यांच्या पेढीतले हेडक्लार्क. ते म्हणे दिवसभर असेच मधोमध हातपाय पसरून बसायचे आणि जवळ येईल त्याला धरायचे.

आता त्या मांडवाबद्दल सांगते, कारण माझा जीव तिथे टांगलेला होता.

आमच्या गावात दर वर्षी शाळेच्या हॉलमध्ये शेतीमालाचं प्रदर्शन भरतं. शेतकी खात्याचे साहेब टेप घेऊन येतात, आणि पहिला नंबर कुणाचा ते फादर स्टेजवरून सांगतात. दुधीचा पहिला नंबर सलग तीन वर्षं पॉलिनचा. पॉलिन म्हणजे माझी चुलत जाऊ, कुंपणापलीकडे राहते. तिने तिन्ही सर्टिफिकिटं काचेत घालून ओटीवर लावलीत, आणि मी विहिरीवर निघाले की नेमकी ती काच पुसायला येते. तीन वर्षं मी ती काच पुसलेली बघितली. माणूस दुसऱ्या कशाने मरत नसेल तर अशाने मरेल.

यंदा माझ्या वेलाला एक असा दुधी धरला की मी बोलले नाही, हसले नाही, शेजाऱ्यांना सांगितलं नाही. करंगळीएवढा होता तेव्हाच त्याच्या पाठीवर नखाने छोटा क्रूस कोरला. आमची आई कोरायची, दृष्ट लागू नये म्हणून. दुधी वाढतो तसा क्रूसही वाढतो. वर माझा जुना परकर चढवला आणि नाडी घट्ट बांधली. (परकर घातलेला दुधी दिसायला चांगला नाही, पण माझ्या दुधीने चालचलणूक सांभाळली, एवढं खरं.)

आणि ह्यांना कोळी काढायचा तो तिथेच!

पहिले कोळ्याचे फोटो आले ते धुक्यात हरवलेली कोळंबी दिसावी तसे. "जवळून नीट दिसत नाही त्याला," हे म्हणाले.

"मग चाळिशी लावा कॅमेऱ्याला," मी म्हटलं.

मी आपलं टोचून बोलले. संध्याकाळी मिस्साचं प्रार्थनापुस्तक उघडते तर माझ्या चष्म्याची नुसती काडी. दोन्ही काचा एकावर एक ठेवून ह्यांनी कॅमेऱ्याच्या डोळ्यावर चिकटपट्टीने बसवलेल्या.

"तूच म्हणालीस."

"मी तुम्हाला विहिरीत जा असंही रोज म्हणते!"

पण काचा निघेनात. ओढल्या तर फुटतील म्हणाले. तेव्हापासून मला लांबचं सगळं दिसायचं, जवळचं काही नाही. पॉलिनच्या ओटीवरची सर्टिफिकिटं दिसायची, ताटातला माशाचा काटा दिसायचा नाही.

चष्मा गेला, मग परात गेली. मांडवाखाली ऊन येत नव्हतं, म्हणून ह्यांनी मला पितळी परात उन्हात धरून उजेड कोळ्यावर पाडायला लावलं. हे जमिनीवर पालथे, नाक मातीत, श्वास रोखलेला. मी वर परात घेऊन उभी.

"जरा डावीकडे, कॅथरिन."

"पीठ मळायचंय मला."

"हलू नकोस. क्लेमेंट बिथरेल."

"बिथरू दे. मी कधीचीच बिथरलेय."

"वर उचल. आणखी वर. दोन्ही हातांनी धर."

मी दोन्ही हातांनी परात डोक्यावर उचलली, आणि नेमकी तेव्हाच पॉलिन कुंपणावर वाळत घातलेलं काढायला आली. तिला काय दिसलं? भाऊजी जमिनीवर पालथे, हालचाल नाही, आणि कॅथरिन वर परात उगारून उभी.

"मारलं गं! हिने नवऱ्याला मारलं! आल्बर्ट, धावा हो, फादरांना बोलवा!"

"अगं, जिवंत आहेत!" मी ओरडले.

"मग थांब, आणखी मारू नकोस!"

तिचा नवरा आल्बर्ट कुदळ घेऊन कुंपणावरून आला, त्यामागे ती, तिच्यामागे अर्धी आळी. एकीने तर येताना मेणबत्ती आणली होती. हे उठले असते तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण ह्यांना बटण दाबायचं होतं! हे तोंड मातीत ठेवूनच पुटपुटले, "कुणी हलू नका." मेणबत्तीवालीने तर गुडघेच टेकले.

शेवटी बटण दाबलं, हे उठले, कपडे झटकले आणि सगळ्यांना म्हणाले, "बरं झालं आलात. या, क्लेमेंट बघा."

क्लेमेंटला कुणी बघितलं नाही. पॉलिन माझ्या परकराकडे बघत होती.

"हे काय गं बाय, झाकून ठेवलंयस?" म्हणाली, आणि मी पुढे व्हायच्या आत नाडी सोडली.

पॉलिनने दुधी खालपासून वरपर्यंत बघितला, मग वरपासून खालपर्यंत. "छान आहे," एवढंच म्हणाली. तीन वर्षांत तिच्या तोंडून माझ्यासाठी निघालेलं पहिलं 'छान'.

ते लोक गेल्यावर मी खराटा घेतला आणि क्लेमेंटचं जाळं सहीसकट झाडून काढलं. क्लेमेंट पाय टाकत टाकत पॉलिनच्या कुंपणाकडे गेला. मग मी परकरही काढून धुवायला टाकला. दृष्ट लागायची ती लागली, आता दुधीला निदान ऊन तरी लागू दे. प्रदर्शनाला दहा दिवस होते.

हे दोन दिवस बोलले नाहीत. (वाईटातून चांगलं होतं ते असं.) तिसऱ्या दिवशी कॅमेरा घेऊन परत मांडवात.

"आता काय काढताय?"

"दुधीचा काढतो. चालेल?"

माझं मन विरघळलं. माझ्या दुधीचा फोटो! मी न सांगता परात घेऊन आले. चांगला तासभर धरली.

माणिकपूरच्या प्लासिड फोटोवाल्याने तो फोटो ताटाएवढा मोठा करून दिला. मी हातभर लांब धरून बघितला. लांबट, गोरापान, पाठीवर क्रूस. डोळे भरून आले.

"किती साजरा आलाय हो!"

"माशी बघ ना," हे म्हणाले. "पंख मोजता येतात."

"बसायचीच माशी. चांगल्या मालावरच बसते."

मीच म्हटलं, हा फोटोही प्रदर्शनात लावू, कलाकुसरीच्या टेबलावर. खाली नाव कुणाचं, यावर थोडं झालं. हे म्हणाले, काढणाऱ्याचं. मी म्हटलं, "वाडी माझी, दुधी माझा, परात माझी, चष्मा माझा. तुम्ही एक बोट दाबलंत. नाव माझं!" ह्यांनी मान खाली घातली आणि आपल्या कारकुनी अक्षरात सुबक चिठ्ठी लिहिली.

"काय लिहिलंत?"

"आहे ते लिहिलंय. शाळेच्या लायब्ररीतल्या पुस्तकात अस्संच चित्र आहे, त्याखालचं उतरवलं. खाली तुझं नाव."

पुस्तकात असं चित्र आहे म्हटल्यावर माझी छाती आणखी वीतभर फुगली. प्रदर्शनाच्या सकाळी दुधी तोडला, तर पाठीला एके ठिकाणी बोटाला चिकट लागलं. दव असेल म्हणून पुसलं, वर खोबरेल चोळलं. काय चमकला!

हॉलमध्ये साहेबांनी टेप लावली. पॉलिनचा दुधी मोजला. माझा मोजला. पुन्हा मोजला. माझा दोन बोटं जास्त. पॉलिनच्या कपाळावर घाम आलेला मला लांबून स्पष्ट दिसला. (लांबचं दिसतंच मला.) साहेब पेन्सिल काढून वहीत लिहिणार, तेवढ्यात त्यांची नजर शेजारच्या टेबलावर गेली. ते फोटोपाशी गेले. खाली वाकले. खिशातून भिंग काढलं.

"या कॅथरिन मच्याडो कोण?"

"मी!" पुढच्या रांगेतून मी इतक्या जोरात ओरडले की फादर दचकले.

"हा फोटो तुमच्याच वाडीतला?"

"वाडी माझी. दुधी माझा."

"हा जो बक्षिसाला ठेवलाय, तोच का हा? की वेलावरचा दुसरा?"

दुसरा! मला शंका आली की पॉलिनने काहीतरी कान भरलेत. मी तरातरा गेले, दुधी उचलला, फोटोशेजारी धरला. "हा बघा क्रूस. हा इथला क्रूस. तोच दुधी! कुणी काही म्हणत असेल तर पुढे येऊन म्हणावं!"

कुणी पुढे आलं नाही. साहेब म्हणाले, "मग जरा सुरी द्या."

त्यांनी क्रूसाच्या बाजूला, मी खोबरेल चोळलं होतं तिथेच, दुधी चिरला. आत अळ्या. एकदोन नव्हे, पहिल्या रांगेत बसलेली बायामाणसं पाय वर घेऊन बसली, इतक्या. मग त्यांनी मोठ्याने चिठ्ठी वाचून दाखवली: "फळमाशी, अंडी घालताना. श्रीमती कॅथरिन फर्डिनंड मच्याडो यांच्या वाडीतून."

मी ह्यांच्याकडे वळले.

"मी तीस वर्षं नक्कलच केली, कॅथरिन," हे कुजबुजले. "मजकूर कधी वाचला नाही."

साहेब मात्र फोटोवर जाम खूश. इतका स्वच्छ फोटो खात्याकडेही नाही म्हणाले. मग मला म्हणाले, "बाई, एवढा मोठा दुधी, कापडाने झाकला असतात तर माशी बसली नसती. आणि मांडवात जाळ्यावाला कोळी नाही का? असल्या माशा त्यात अडकतात. असला तर काढू नका हं."

हॉलमध्ये अर्धी आळी होती. परकर सगळ्यांनी पाहिला होता. कोळी कुठे गेला तेही पॉलिनला माहीत होतं, कारण तो आता तिच्या मांडवात होता.

दुधीचा पहिला नंबर पॉलिनला, सलग चौथा. फोटोचा पहिला नंबर मला. नाव माझंच होतं ना! मी स्टेजवर चढले. फादर कपाळावरचा घाम पुसत म्हणाले, "फळमाशीसाठी, कॅथरिन मच्याडो." टाळ्या पडल्या. पॉलिनच्या सगळ्यांत जास्त. बक्षीस शेतकी खात्याकडून होतं: डीडीटीचा एक मोठा डबा.

त्या दुपारी घरी मी काय बोलले ते लिहीत नाही, हे मुलं पण वाचतील. एवढंच सांगते की कॅमेऱ्यावरच्या काचा निघाल्या, आणि ओढताना फुटल्या नाहीत.

वर्ष झालं. माझा वेल पुन्हा मांडवावर चढलाय. क्लेमेंट, किंवा त्याचा कुणी पोरगा, कुंपणापलीकडून परत आलाय, आणि त्याला कुणी धक्का लावत नाही. मीच परात धरते. यंदा दोन दुधी परकरात आहेत आणि पॉलिनच्या काचेकडे मी बघतसुद्धा नाही.

काल फादरांनी प्रदर्शनाचा अर्ज घरपोच पाठवला. मान दिला म्हणायचा, कारण बाकी सगळ्यांनी शाळेत जाऊन आणायचाय. उघडला तर माझं नाव आधीच भरलेलं. विभागाच्या रकान्यातही आधीच लिहिलेलं.

मी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला आणि पुन्हा वाचलं.

विभाग: कीड.