सुक्या बांगड्यासाठी तीन कोटेशनं

"एक लोखंडी शेगडी आणा, चार कोळसे आणा आणि मोकळे व्हा," रत्नप्रभा म्हणाली.

चंद्रप्रकाश परबांनी चष्म्यावरून बायकोकडे पाहिलं. पस्तीस वर्षं अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीच्या पर्चेस खात्यात काढलेल्या माणसाला कुणी 'आणा आणि मोकळे व्हा' म्हणावं? तिथे साधा खिळा घ्यायचा तरी तीन कोटेशनं, तुलनेचा तक्ता आणि खाली तिघांच्या सह्या लागत. रिटायर होऊन दोन वर्षं झाली, तरी हा गृहस्थ कोथिंबिरीची जुडी तीन गाड्यांवर विचारल्याशिवाय घेत नसे, आणि तोवर पहिल्या गाडीवरची जुडी दुसऱ्याच कुणाच्या पिशवीत गेलेली असे.

आणि या वेळी तर गोष्ट भावाची होती.

चार वर्षांपूर्वी मुलुंडच्या या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये मॉड्युलर किचन नवं नवं बसलं होतं, तेव्हा थोरले दादूभाऊ कांजूरमार्गहून पिशवीभर सुके बांगडे घेऊन आले. पावसाळ्यात ओली मासळी रोडावते, तेव्हा कोकणातला माणूस सुका बांगडा निखाऱ्यावर भाजतो, वर खोबरेल सोडतो आणि भाकरीशी खातो. निखारे नव्हते म्हणून भाऊंनी तो थेट गॅसवर धरला. धूर पांढऱ्याशुभ्र कपाटांवर गेला, वास चौथ्या मजल्यावर गेला, आणि चंद्रप्रकाश चार पाहुण्यांसमोर बोलून गेला, "भाऊ, हे काय चाळीतलं घर आहे?"

ज्या चाळीतल्या घरात राहून, गिरणीत राबून दादूभाऊंनी या धाकट्याला बी.कॉम. केलं, त्या घराचा हा असा उद्धार! भाऊंनी अर्धा भाजलेला बांगडा ओट्यावर ठेवला, हात धुतले आणि चपला घातल्या. नंतर ते लग्नकार्यात भेटले, मयतीला भेटले, पण धाकट्याच्या घरचं पाणी प्यायले नाहीत. आपलं चुकलं हे चंद्रप्रकाशला त्याच दिवशी कळलं होतं. बोलून दाखवायला मात्र चार वर्षं लागली, आणि तेही फोनवर, आडून आडून.

"भाऊ, गच्चीवर तुमच्यासाठी सोय करतोय. मोकळ्यावर. तुम्हाला काय हवं ते भाजा."

पलीकडून खोकला ऐकू आला.

"माझ्या हातान भाजूक गावतला?"

"मिळेल ना, भाऊ!"

"मगे येतंय. गटारीच्या आयतवारी. त्येच्यानंतर श्रावण, मगे गणपती. माझा वय त्र्याहत्तर. पुढचा कोणाक म्हायत?"

फोन ठेवून चंद्रप्रकाशने कॅलेंडर काढलं. गटारीचा रविवार सात आठवड्यांवर होता. तेवढ्यात भाऊंना भाजता येईल अशी जागा तयार झाली पाहिजे होती, नाहीतर भाऊ परत येणार नव्हते. इतकी साधी गोष्ट. पण साध्या गोष्टीची वाट कशी लावायची, हे पर्चेसवाल्याला कुणी शिकवावं लागत नाही.

फ्लॅटला लागून बऱ्यापैकी गच्ची होती. तिथे तुळस, कढीपत्ता आणि वाळत घातलेले टॉवेल एवढीच वस्ती. चंद्रप्रकाश टेप घेऊन गच्ची मोजून आला आणि सौरभला, म्हणजे मुलाला, घेऊन अंधेरीच्या एका शोरूममध्ये गेला. तिथला शौनक नावाचा सेल्समन इतका गोड बोलणारा होता, की त्याच्या हातून पाणी पिताना सुद्धा भीती वाटावी.

"काका, ही कोळशाची ग्रिल झकास आहे. पण धुराचं काय? वर माणसं राहतात ना?"

"राहतात."

"मग हूड लागणार. हूड म्हणजे मोठी चिमणीच. ती टांगायला भिंत लागणार. आणि पावसात?"

"पावसात काय?"

"काका, गटारी पावसातच येते ना?"

प्रश्न बिनतोड होता. चंद्रप्रकाशने वहीत 'छप्पर' असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

छप्पर म्हटल्यावर सोसायटीचे सेक्रेटरी निलेश सावंत यांच्याकडे जाणं आलं. सावंतांनी अर्ज वाचला आणि हातातला चहा खाली ठेवला. "परबकाका, पक्कं छप्पर घालाल तर आज माझी नोटीस येईल आणि उद्या महापालिकेची. उघडझाप होणारं घाला. आणि उघड्यावर कोळसा पेटवाल तर वरच्या माधुरीताई मला पेटवतील."

म्हणून मोटरवर सरकणारं छप्पर आलं. कोळशाचं काय? सूनबाई रुचिराने तोडगा काढला. "पप्पा, इलेक्ट्रिक ग्रिल घ्या ना. धूरच नाही."

"अगं, पण भाऊंना निखारा लागतो."

"मग दोन्ही असलेली घ्या."

दोन्ही असलेली ग्रिल होती. शौनककडे काय नव्हतं? ती जड, म्हणून खाली ग्रॅनाइटचा ओटा आला. ओटा आला म्हणजे तो धुणं आलं, म्हणून सिंक. मासळी ठेवायला ओट्याखाली छोटा फ्रीज. "एवढं करतोयच तर पिझ्झा ओव्हन नको का, पप्पा?" असं सौरभ म्हणाला, तेव्हा चंद्रप्रकाशने तोही तक्त्यात घेतला, कारण तक्त्यात एक रकाना रिकामा दिसत होता.

तक्ता चार कागद चिकटवून फ्रीजच्या दारावर लावला होता. रत्नप्रभा दूध काढायला गेली की आधी तक्ता उचलावा लागे. "अहो, भाऊजी सुका बांगडा खाणार आहेत. पिझ्झा कुठून आला मध्येच?"

"सगळा विचार करून घ्यावं लागतं गं."

"चार वर्षांपूर्वी करायचा होता तो विचार," असं म्हणून तिने दूध काढलं. खरं होतं ते, आणि खरं असलं की फार लागतं.

दोन कोटेशनं आठवड्यात आली. तिसरं येईना. तिसरा दुकानदार आज देतो, उद्या देतो करत राहिला आणि चंद्रप्रकाश दोन कोटेशनांवर निर्णय घ्यायला तयार होईना. तीन आठवडे गेले. अखेर तिसरं आलं, तक्ता पूर्ण झाला, रत्नप्रभेने "कुठे करू सही? कर म्हणाल तिथे करते" म्हणत सही केली, आणि ठरलं काय, तर पहिल्याच दिवशी शौनकने दाखवलं होतं ते सगळं घ्यायचं! गटारीला अकरा दिवस उरले होते.

मग धावपळ सुरू झाली. ओटा आला, पण दोन इंच लांब निघाला. तो कापून बसवेपर्यंत बुधवार उजाडला. शुक्रवारी हूड आला, पण त्याचे स्क्रू आले नाहीत. चंद्रप्रकाशला जेवण जाईना. शनिवारी संध्याकाळी छप्पर बसलं आणि इलेक्ट्रिशियन किरणने डोकं खाजवलं. "काका, घरच्या मीटरवर एवढा लोड नाय झेपणार. अर्ज करावा लागेल. पंधरा दिवस."

"पंधरा दिवस? अरे, उद्या माझा भाऊ येतोय!"

किरणने चंद्रप्रकाशच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्याला दया आली. दया आलेला इलेक्ट्रिशियन फार वाईट. त्याने जिन्यातल्या सोसायटीच्या लाइनवरून एक वायर गुपचूप गच्चीवर ओढली. "आजउद्यापुरती चालेल. पण एक सांगतो, सगळं एकदम चालू करू नका हां."

रविवारी सकाळपासून पाऊस कोसळत होता. छप्पर बंद, गच्ची कोरडी, स्टील चकाचक. सव्वाबाराला भाऊंचा फोन आला, "रिक्षात बसलंय." चंद्रप्रकाश गच्चीवर धावला. सगळं नीट चालतंय ना? माल ताब्यात घेण्याआधी ट्रायल घ्यायची, हा खात्याचा नियम. ग्रिल तापते का? हूड ओढतो का? ओव्हन? खाली रिक्षा थांबल्याचा आवाज आला आणि त्याने घाईघाईने एकेक करत सगळी बटणं दाबली. छपराचं बटण दाबायचं कारण नव्हतं, पण ते रांगेतच होतं.

छप्पर निम्मं सरकलं, कुठेतरी फाट्कन आवाज झाला आणि सगळं थंड पडलं. जिन्यातले दिवे गेले, हूड गेला, आणि निम्म्या उघड्या छपरातून पाऊस सरळ कोळशांवर कोसळू लागला.

"पप्पा!" रुचिरा बाहेरच्या दारातून ओरडली. "लिफ्ट अडकली! आत कोणीतरी आहे!"

कोण आहे हे विचारायची गरज पडली नाही. लिफ्टच्या आतून आवाज येतच होता. "शिरा पडो तुझ्या लिफ्टीर! चंद्र्याऽऽ!"

लिफ्ट तिसऱ्या मजल्याच्या जेमतेम वीतभर खाली थांबली होती. वॉचमनने दार ओढून चार बोटांची फट केली, मग दार हटेना. "और नहीं खींचने का साब, लिफ्टवाला आयेगा तब." लिफ्टवाला भांडुपला होता, म्हणजे निदान तासभर. जनरेटरचा विषय सोसायटीच्या तीन वार्षिक सभांमध्ये चर्चेला होता. सोसायटीच्या लाइनचा फ्यूज उडाला होता आणि किरण फोन उचलत नव्हता. सावंत सेक्रेटरी जिना चढत येत होते, वरून माधुरीताई उतरत होत्या, आणि सोसायटीच्या लाइनवरची वायर परबांच्या गच्चीकडे जाताना सगळ्यांना दिसत होती.

चंद्रप्रकाशने फटीला तोंड लावलं. "भाऊ, घाबरू नका!"

"घाबरता कोण? माका साखर असा रे. साडेबाराक जेवण लागता. घाम फुटलो हा."

भाऊंना मधुमेह आहे, हे तक्त्याच्या कुठल्याही रकान्यात नव्हतं. "रत्ना, लवकर काहीतरी दे गं!" रत्नप्रभेने ताबडतोब साखरेची पुडी फटीतून दिली. भाऊंनी ती तोंडात टाकली, पण मागोमाग जेवायला हवं होतं. वाटी जाईना, ताट जाईना. तांदळाची भाकरी घडी घालून गेली.

"नुसती भाकरी?" आतून आवाज आला. मग फटीतून एक सुका बांगडा बाहेर आला, डोक्याकडून. "ह्यो घे. भाज."

"मी?"

"मगे काय मी भाजू हयसून?"

चंद्रप्रकाशने गच्चीकडे पाहिलं. ग्रिलमध्ये पाणी साचलं होतं. तो वळला आणि आतल्या मॉड्युलर किचनमध्ये गेला. गॅस पेटवला आणि बांगडा चिमट्यात धरून थेट आचेवर धरला. चिमणी लावायचं त्याला सुचलंच नाही. धूर पांढऱ्या कपाटांवर गेला. आयुष्यात त्याने कधी काही भाजलं नव्हतं, पापड सुद्धा नाही.

रुचिरा दारात उभी राहून इकडचं तिकडे सांगू लागली. "वास आला म्हणतायत! परता!"

"परतला!"

"मोठ्या काकांनी विचारलंय, शेपटी फुगली का?"

"फुगली! नाही, पेटली! शेपटी पेटली!"

"फुंकर मारा म्हणतायत, आणि एक शिवी दिलीय, ती मी सांगत नाही!"

पहिला बांगडा अर्धा कोळसा झाला. चंद्रप्रकाशने त्यावर खोबरेल सोडलं, केळीच्या पानाच्या तुकड्यावर ठेवला आणि धावत जाऊन फटीतून आत सरकवला. मग तो तिथेच फरशीवर बसला. जिन्यात सावंत उभे, माधुरीताई उभ्या, वॉचमन उभा. आतून फक्त चावल्याचा आवाज येत होता.

"करपलो हा," भाऊ म्हणाले.

"हो भाऊ." चंद्रप्रकाश फटीशी वाकला. "चुकलं माझं. तेव्हाच चुकलं होतं."

मग फटीतून दुसरा बांगडा बाहेर आला. "ह्यो करपवू नको."

दुसरा बरा झाला. तिसरा रत्नप्रभेच्या मते चांगला झाला. चौथा अर्धा माधुरीताईंनी नेला. "वासाने जीव घेतलाय हो मघापासून," त्या म्हणाल्या आणि सावंतांना नोटिशीबद्दल काही बोलता येईना, कारण त्यांच्याही तोंडात घास होता.

पाऊण तासाने लिफ्टवाला आला. दार उघडलं आणि दादूभाऊ बाहेर आले, तोंड पुसत, रिकामी होत आलेली पिशवी काखेत मारून. त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या आणि चार वर्षांनी धाकट्याच्या घरात पाऊल टाकलं. चंद्रप्रकाश पुढच्या बांगड्यासाठी केव्हाच गॅसपाशी गेला होता. बनियन काळं झालेलं, डोळ्यांतून धुराने पाणी वाहत होतं, धुरानेच असं म्हणू या. त्याने चिमटा भाऊंपुढे धरला.

भाऊंनी चिमटा घेतला नाही. स्टूल ओढून ते ओट्याला टेकून बसले. बसल्या बसल्या त्यांची नजर काचेपलीकडच्या गच्चीवर गेली. तिथे हूड, सिंक, फ्रीज, ओव्हन आणि दोन्ही असलेली ग्रिल पावसात नाहत उभी होती.

"ता काय रे चकचकता?"

चंद्रप्रकाशने एकदा तिकडे पाहिलं.

"काय नाय, भाऊ," तो म्हणाला. "तुमी बसा. बांगडो करपतलो."