भोजराजचे कान

आवाज मोजायला कारखाना तपासणीच्या मॅडम येणार हे कळलं आणि भोजराजला वाटलं, आता आपलं उघडं पडणार. कामठा रोडवर दुलीचंद शेठची राइस मिल. भोजराज तिथला ऑपरेटर. कान मात्र कधीचे गेलेले. मिलचा धडधडाट त्याला तळ्याच्या तळाशी बसून ऐकल्यासारखा यायचा, लांबून, जवळजवळ गोड. कोंड्याची धूळ उन्हात तरंगायची आणि तो बघत राहायचा. पण शेठला कळलं असतं तर मशीन सुटली असती, पाठीवर पोती आली असती.

दीप्ती मॅडमनी तांदूळ घासणाऱ्या पॉलिशरजवळ मीटर धरलं. सत्त्याण्णव डेसिबल. पंच्याऐंशीच्या वर रोज आठ तास म्हणजे कान जाणारच, त्या म्हणाल्या. कानाला काय लावायचं ते हिशेब करून सांगते, असंही म्हणाल्या. शेठला थांबवेना. त्यांनी आधीच सगळ्यात जाड, सगळ्यात महाग इअरमफ आणून ठेवले होते. सगळ्यांना चढवायला लावले.

मिल एकदम स्वप्नात गेली. माणसं पाण्याखाली चालल्यासारखी चालायला लागली. वर हौदीत धान ओतणारा हिरालाल तर गालातल्या गालात हसत होता. हौदी भरली. शेठ ओरडले. हिरालालनं मान डोलावली आणि अजून एक पोतं रिकामं केलं. शेठनी दोन्ही हात हलवले. त्याला वाटलं, शाबासकी. अजून एक. धान सांडत सांडत शेठच्या घोट्यापर्यंत आलं.

तेवढ्यात वीस पावलांवरून शेठच्या तोंडाकडे बघत भोजराजनं खटका ओढला. मिल थांबली. सगळ्यांनी इअरमफ काढले.

"देखो मॅडम," शेठ म्हणाले, "इतकं जाड लावून बी यानंच आयकलं. असे कान जिल्ह्यात नाही."

"आवाज कमी करायचा असते, शेठजी, गायब नाही. यायले फोमचे हलके प्लग पुरतात," मॅडम म्हणाल्या. मग भोजराजकडे वळल्या आणि 'कधीपासून?' असे नुसते ओठ हलवले. आवाज काढलाच नाही.

"सात वर्षं झाले," भोजराज बोलून गेला.

मॅडम शेठना म्हणाल्या, याचे कान तपासून घ्या, पण मशीनवरून काढू नका. या गोंगाटात तुमचं बोलणं समजणारा हाच एक माणूस आहे.

शेठनी धानातून पाय उपसला.

"म्हणजे सात वर्षं मी तुले शिव्या देऊन राहिलो, त्यातली एक बी तुले आयकू नाही आली?"

"आयकू नाही आली, शेठ," भोजराज खाली बघत म्हणाला. "दिसल्या सगळ्या."