हिगासाहेबांच्या अपेक्षा

दोह्यातल्या शाळेत आठवी ‘ब’च्या वर्गात प्रकल्पाच्या चिठ्ठ्या काढल्या आणि इराच्या हातात आली ती अशी: ‘ओकिनावाहून आणि बर्माहून परदेशी गेलेले लोक. दोन्ही समाजांच्या सामाजिक आणि आर्थिक स्थितीची तुलना करा.’ तिच्याच बाकावरच्या मिहीरला मल्याळी आणि फिलिपिनो आले होते. म्हणजे त्याने घराबाहेर पडून नुसतं लिफ्टचं बटण दाबलं असतं तरी त्याचा प्रकल्प पूर्ण झाला असता. इराला मात्र आधी नकाशावर ओकिनावा शोधावं लागलं. ते जपानच्या खाली, समुद्रात, कुणीतरी साबुदाणा सांडावा तसं पसरलेलं सापडलं.

“मी मदत करू का?” तिच्या बाबाने, गुरुप्रसादने, दारातून विचारलं.

“नको,” इरा आणि तिची आई नयना एकदम म्हणाल्या.

या ‘नको’ला इतिहास होता. गुरुप्रसाद एका गॅस कंपनीत सेफ्टी व्हॉल्व्हचा इंजिनियर होता. गेल्या वर्षी इराच्या विज्ञान प्रदर्शनासाठी त्याने ज्वालामुखी बनवला आणि हाताला लागलेली सवय म्हणून त्याला मागून एक छोटा सेफ्टी व्हॉल्व्ह बसवला. प्रदर्शनाच्या दिवशी सगळा वर्ग दहा मिनिटं श्वास रोखून उभा होता. ज्वालामुखीने मागच्या बाजूने हळूच उसासा टाकला आणि तो गप्प झाला. इराला वीसपैकी पाच गुण मिळाले. मिहीरच्या बाबांचा, म्हणजे वरच्या मजल्यावरच्या अवधूतचा ज्वालामुखी छताला लागला होता, आणि तो डाग शाळेने अजून पुसलेला नव्हता.

पण या वेळी इराचाही इलाज नव्हता. मिसनी बजावलं होतं की गूगलवरचं काही चालणार नाही. प्रत्येक समाजाच्या निदान एका जिवंत माणसाशी बोलायचं, दोघांना तेच प्रश्न विचारायचे, उत्तरांखाली त्यांची सही घ्यायची आणि फोटो लावायचा. शुक्रवार-शनिवारची इथली सुट्टी संपली की रविवारी सकाळी वही द्यायची होती. इराने बाबाला शेवटची संधी दिली. या वेळी घोळ झाला तर पुढच्या टर्मपासून सगळे प्रकल्प घेऊन ती अवधूतकाकाकडे जाईल, असं तिने स्पष्ट इंग्रजीत सांगितलं. गुरुप्रसाद बाकी काहीही सोसायला तयार होता, पण आपली मुलगी वही घेऊन वरच्या मजल्याचा जिना चढतेय हे चित्र त्याला सहन होईना.

ओकिनावाचा माणूस त्याला दुसऱ्याच दिवशी ऑफिसात सापडला, तोही शेजारच्या टेबलावर. रेनातो हिगा. गुरुप्रसाद त्याला दोन वर्षं जपानी समजत होता आणि रोज सकाळी कमरेत वाकून नमस्कार करत होता. हिगासाहेबही तसेच वाकत. आता बोलताना उघडकीला आलं की हिगांचा जन्म ब्राझीलचा. त्यांचे पणजोबा ओकिनावाहून जहाजाने तिकडे गेले होते, आणि घरात कुणीच कुणाला वाकत नसे. वाकणं ही भारतीय पद्धत असावी असं समजून ते दोन वर्षं मान राखत होते. दोघांनी मिळून ती पद्धत तिथल्या तिथे बंद केली, आणि हिगांनी शुक्रवारी चहाला यायचं कबूल केलं.

बर्माची बाजू नयनाने सांभाळली. तिचा खांदा आखडला होता आणि त्यासाठी ती अल नस्रमधल्या एका दवाखान्यात जायची. तिथली फिजिओथेरपिस्ट ठिरी मूळची बर्माची, पण मलेशियात वाढलेली. नयनाने ओरडत ओरडत तिचा सगळा कुळवृत्तांत आधीच काढून घेतला होता.

राहता राहिली प्रश्नावली. गुरुप्रसाद लॅपटॉप उघडून बसला, पण ‘प्रश्न क्रमांक एक’ याच्यापुढे गाडी सरकेना. तेव्हा नयना म्हणाली, “अरे, माझ्याकडे तयार फॉर्म आहे की. त्यातलं नको ते काढ.”

नयना इथल्या मराठी मंडळाचं वधूवर सूचक केंद्र चालवायची. सात लग्नं तिच्या खात्यावर जमा होती, त्यातली सहा व्यवस्थित चालली होती. गुरुप्रसादने फॉर्मवर नजर फिरवली. शिक्षण, नोकरी, पगार, घर स्वतःचं की भाड्याचं, भावंडं किती आणि काय करतात, आईवडिलांची जबाबदारी कुणावर, कायम इथेच राहणार की परत जाणार. तो चकितच झाला. विद्यापीठांतले विद्वान ज्याच्यासाठी अनुदानं मागतात ते काम आपल्याकडच्या आयाबाया चहाच्या कपावर बसल्या बसल्या उरकतात.

त्याने गोत्र, रास आणि मंगळ काढून टाकले. ‘रंग’ इराने खोडला, “बाबा, दॅट्स रेसिस्ट,” असं म्हणून. ‘उंची’ त्याने ठेवली, कारण उंचीवरून समाजाचं पोषण कळतं. ‘चष्मा’ ठेवला, कारण त्यावरून औषधपाण्याची सोय कळते. शेवटचा रकाना होता ‘अपेक्षा’. तो त्याने सरळ इंग्रजीत भाषांतर करून ठेवून दिला. ज्या देशात गेलो त्या देशाकडून असतातच की माणसाच्या काही अपेक्षा.

शुक्रवारी चार वाजता पाहुणे आले. हिगासाहेब कोट घालून, खजुराचा मोठा डबा घेऊन आले. ठिरीबरोबर तिची मावशी आली. परक्या घरी मुलीला एकटं पाठवणं मावशीला पसंत नव्हतं. या खिनमावशी अल मन्सूरात बायकांचे कपडे शिवायच्या दुकानात होत्या. शिवताना समोर टीव्हीवर हिंदी मालिका लावायची त्यांना बारा वर्षांची सवय होती. त्यामुळे त्यांचं हिंदी चांगलं होतं आणि भारतीय कुटुंबांविषयीची मतं पक्की होती.

आता चार वाजता पाहुणे घरी येणार म्हटल्यावर नयनाने काय करावं? तिने कांदेपोहे केले. वर खोबरं, कोथिंबीर, बाजूला लिंबाची फोड. हात सवयीनेच चालले, आणि सवयीनेच तिने हिगांना एका सोफ्यावर आणि ठिरीला समोरच्या सोफ्यावर, तोंडावर खिडकीचा उजेड पडेल असं बसवलं. ट्रे तिने उचलला तेवढ्यात तिचा खांदा दुखला, म्हणून तो ठिरीने झटकन हातात घेतला आणि तिनेच सगळ्यांना बशा दिल्या.

खिनमावशींनी बशीकडे पाहिलं, ट्रे धरलेल्या भाचीकडे पाहिलं, कोट घातलेल्या हिगांकडे पाहिलं आणि त्या एकदम सावरून बसल्या.

इराने फॉर्म वाचायला सुरुवात केली. हिगा: मेकॅनिकल इंजिनियर, वय चौतीस, साओ पाउलोला स्वतःचं घर, दोन भाऊ, दोघेही मार्गी लागलेले. ठिरी: फिजिओथेरपिस्ट, वय एकतीस, आईवडील क्वालालंपूरला भाड्याच्या घरात, धाकट्या भावाचं शिक्षण तिच्या पगारावर. इरा भराभर लिहीत होती. मावशी प्रत्येक उत्तराला मान डोलवत होत्या, आणि हिगांच्या पगाराला त्यांनी दोनदा मान डोलवली.

“शराब पीता है?” त्यांनी नयनाला हळूच विचारलं.

“चौकशी करते,” नयना तितक्याच हळू म्हणाली. मग आपण काय बोललो हे तिच्या ध्यानात आलं, पण तोवर मावशींनी तिच्या हातावर हात ठेवला होता.

गुरुप्रसादला यातलं काही दिसत नव्हतं. दोन्ही रकाने नीट भरत चालले म्हणून तो खुशीत होता. एका घराण्याला परदेशी जाऊन शंभर वर्षं झालेली, दुसऱ्याला पंचवीस. एकाचं घर, दुसऱ्याचं भाडं. तुलना कशी झकास होत होती. आणि मग इराने शेवटचा प्रश्न वाचला.

“अपेक्षा?”

हिगांनी बशी खाली ठेवली. मग हळूहळू म्हणाले की त्यांच्या घरातलं कुणी ना कुणी कायम कुठेतरी जातच आलेलं आहे. पासपोर्ट आहे का, व्हिसा आहे का, हे सगळे विचारतात. ते लहान असताना त्यांची आजी दार उघडल्या उघडल्या विचारायची, ‘जेवलास का?’ ती गेल्यापासून हे कुणी विचारलेलं नाही. कुणीतरी विचारावं, एवढीच अपेक्षा आहे.

गुरुप्रसादही अकरा वर्षं या वाळवंटात होता.

आपला शेवटचा रकाना स्वतः भरायला ठिरीने पेन हातात घेतलं होतं, तिने ते टेबलावर ठेवलं. “मीही हेच लिहिणार होते,” ती इंग्रजीत म्हणाली. “आमच्याकडे तर भेटल्यावर हेच विचारतात.”

“जेवलात का?” तिने हिगांना विचारलं.

हिगा पोह्यांच्या दोन बशा रिचवून बसले होते. पण ते म्हणाले, “नाही.”

यानंतर सर्वेक्षणाला सर्वेक्षण म्हणणं कठीण होतं. नयना उठली आणि म्हणाली, दोघांना जरा गॅलरीत जाऊ द्या, उजेडात फोटो चांगला येईल. इराने फोटो काढला. मग ती आत आली, पण ते दोघं आले नाहीत. पाऊण तास झाला. गुरुप्रसादने मावशींना समजावायचा प्रयत्न केला की हा शाळेचा प्रकल्प आहे. मावशींनी समजूतदारपणे मान हलवली. कुठलेही सभ्य लोक पहिल्या भेटीत थेट लग्नाचं थोडंच बोलतात.

निघताना त्यांनी दोन्ही भरलेल्या फॉर्मची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली. इरा धावली, म्हणाली, त्यावर माझे गुण आहेत. मावशींनी तिच्या गालावरून हात फिरवला.

“बेटी, ये अब घर की बात है।”

शनिवारी सकाळपासून गुरुप्रसाद फोनला चिकटला. हिगांचा फोन लागत नव्हता. ठिरीने उत्तरादाखल नुसता अंगठा पाठवला. मावशींनी मात्र पहिल्या घंटेला फोन उचलला, कारण त्यांनाच बोलायचं होतं. बर्मात माणूस कुठल्या वारी जन्मला यावर सगळं ठरतं, तर मुलाचा वार कोणता? मुलाकडचे तुम्हीच ना?

“मैं लडकेवाला नहीं हूँ,” गुरुप्रसाद म्हणाला.

पण ऑफिसच्या वाढदिवसांच्या यादीवरून त्याने हिगांचा वार काढून दिला. आता कुणी अडलेल्याला एवढी मदत करणारच. तो बुधवारचा निघाला. तासाभराने मावशींनी नयनाला कळवलं की बुधवार जरा तापट असतो, विचार करावा लागेल. नयनाने हे गुरुप्रसादला सांगितलं, आणि तो जागेवरून उठला.

“तापट? आमचा हिगा तापट? दोन वर्षं रोज उगाचच वाकत होता माणूस, कधी कपाळाला आठी नाही.”

“मावशी म्हणाल्या ते सांगितलं. आम्हाला आमच्या मुलीचं बघायला हवं,” नयना म्हणाली.

“आणि आम्ही काय रस्त्यावर पडलोय? स्वतःचं घर आहे आमचं साओ पाउलोला.”

“घरात बाहेरून आलेल्या मुलीला काय मान मिळेल, ते कुठे लिहिलंय तुमच्या फॉर्मात?”

दुपारी दोनपर्यंत साखरपुडा दोह्यात की क्वालालंपूरला, इथवर वाद गेला होता. मुलाकडचा गुरुप्रसाद आपला हट्ट सोडेना आणि मुलीकडची नयना स्वयंपाकघरात जाईना. मधे डायनिंग टेबलाशी इरा बसली होती. तिच्याकडे फॉर्म नव्हते, सह्या नव्हत्या, होता तो गॅलरीतला एक फोटो. थोडा वेळ ती रडवेल्या चेहऱ्याने दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. मग तिने वही उघडली आणि काहीतरी लिहायला लागली. चारच्या सुमारास ती वही घेऊन आपल्या खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतलं. त्या दाराच्या आवाजाने गुरुप्रसाद भानावर आला. प्रकल्पाचं काय झालं हे विचारायचाही त्याला धीर झाला नाही. तो गॅलरीत जाऊन उभा राहिला, वरच्या मजल्यावरून अवधूतच्या हसण्याचा आवाज आला आणि त्याला फार वाईट वाटलं.

गुरुवारी इरा शाळेतून आली आणि तिने वही त्याच्यापुढे ठेवली. वीसपैकी एकोणीस. खाली मिसनी लिहिलं होतं की इतकं प्रामाणिक निरीक्षण वर्गात दुसऱ्या कुणाचं नाही. गुरुप्रसादचा ऊर भरून आला. त्याने चष्मा लावला आणि पहिलं पान उघडलं.

ओकिनावा आणि बर्मा या दोन समाजांची तुलना इराने दीड पानात संपवली होती. घर, पगार, शिक्षण, परदेशी राहिलेली वर्षं, सगळं वेगळं. शेवटचा रकाना एकच. आणि आता दोघांचं घरही बहुतेक एकच होणार असल्याने पुढे तुलना करता येत नाही, असं तिने म्हटलं होतं. उरलेली नऊ पानं तिसऱ्याच समाजावर होती. ‘कतारमधली मराठी माणसं दुसऱ्यांची माहिती कशी गोळा करतात.’ त्यात पोह्यांची आकृती होती, सोफ्यांच्या जागा बाणांनी दाखवल्या होत्या, आणि शनिवारचा सगळा संवाद वेळेसकट उतरवला होता. ‘हा समाज पाहुण्याला प्रथम पगार विचारतो,’ इराने लिहिलं होतं, ‘आणि चोवीस तासांच्या आत त्याच्या वतीने भांडायला लागतो. भांडण खरं असतं.’

गुरुप्रसादने वही मिटली. रागवावं की कौतुक करावं हे त्याला ठरवता येईना. शेवटी त्याने जे विचारायचं होतं तेच विचारलं.

“पुढच्या टर्मच्या प्रकल्पाला वर जाणार आहेस का?”

“नाही,” इरा म्हणाली. “पुढचा पण तुझ्याबरोबरच करणार.”

गुरुप्रसादने लगेच लॅपटॉप जवळ ओढला.

“तो नको, बाबा. तू काहीच करू नकोस. तू फक्त नेहमीसारखा वाग, मी लिहीन.”

ती वही घेऊन आत गेली. गुरुप्रसाद उठून स्वयंपाकघरात गेला आणि आपण नेहमी नेमके कसे वागतो, हे त्याने नयनाला विचारलं.