पांढऱ्या लुगड्याची करामत

शशिकला बोकारे नागपूरहून आल्या त्या नर्सांच्या इतिहासावर पीएच.डी. करायला. आणि नेसून काय आल्या, तर पांढरीशुभ्र खादी! अहो, कुरखेड्यापुढच्या कोसमटोल्यात पांढरं लुगडं नेसून दवाखान्यात वावरणारी बाई म्हणजे नर्स, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. नव्हतं ते फक्त शशिकलाबाईंना.

तिथल्या दवाखान्यातल्या एकमेव नर्स म्हणजे सुगंधाबाई. "युनियन करून तुम्हाला मिळालं काय?" शशिकलाबाईंनी पहिलाच प्रश्न टाकला.

"आतापावतर काईच नाई. दुसरी नर्स द्या म्हनून सारी युनियन वरडून राह्यली. माह्या लेकीचे दिवस भरत आले, तिकडं बल्लारपूरले. साऱ्या मुलखाची बाळंतपनं म्या केली, अन् पोटच्या पोरीजवळ जाऊ कशी? मांगं दवाखाना कोन पाहीन?"

तेवढ्यात एका अडलेल्या बाईला खाटेवर घालून आणलं. सुगंधाबाई तिला घेऊन आतल्या खोलीत गेल्या. बाहेर पोचू नावाचा गडी गळू फुटलेला पाय धरून बसला होता. पांढरं लुगडं दिसताच त्यानं पाय पुढे केला.

"बांधा न बाई."

नेमकी दारात मोटार थांबली. तपासणीचे मोठे डॉक्टर!

"अरे वा, दुसरी नर्स आहे की इथं! मग युनियन कशाला बोंबलते?"

शशिकलाबाईंना वाटलं, आपल्यापायी बिचारीचं लेकीकडे जाणं राहिलं!

"अहो, मी नर्स नाही, मी पीएच.डी...."

"डिग्र्या नंतर सांगा. आधी पट्टी बांधा!"

झालं! बाईंनी आयोडीनची अर्धी बाटली गळवावर ओतली. पोचू असा बोंबलला, की मोटारीचा ड्रायव्हर धावत आत आला. घाबरून बाईंनी पट्टी बांधली ती चांगल्या पायाला. मग दुखऱ्या पायाचं रक्त दिसलं आणि त्या चक्कर येऊन बाटलीसकट डॉक्टरांच्या कोटावर कोसळल्या.

"ही नर्स? हिला आधी इथून हलवा! हिच्या जागी चांगली बाई पाठवतो!"

आणि पाठवली की! चार दिवसांत भागीरथाबाई ट्रंक घेऊन हजर. जी नर्स मुळात नव्हतीच, तिच्या बदलीवर आलेली नर्स! सुगंधाबाईंना हसता हसता रडू फुटलं.

पण कचेरीच्या ध्यानात आलंच. अशी जागाच मंजूर नाही, बाईला परत पाठवा म्हणाले. तेव्हा मात्र युनियन उठली. जिल्ह्यातल्या साऱ्या नर्सा म्हणाल्या, "आलेली बाई जानार नाई. नेली, तं आमी साऱ्या घरी बसतो." कचेरीनं मुकाट्यानं हुकूम मागे घेतला.

सुगंधाबाई बल्लारपूरला निघाल्या. शशिकलाबाई गाडीपर्यंत पोचवायला आल्या.

"आता लिहा बाई. नर्स आनली तुमी, अन् ठेवली युनियननं."

गाडी सुरू झाली तशी सुगंधाबाईंनी खिडकीतून डोकं काढलं.

"अन् बाई, पल्याडच्या दवाखान्यात आमची इंदुताई बी एकटीच हाये. सोमवारी तिथी दुसरे साहेब तपासनीले येऊन राह्यले. हेच लुगडं नेसून जासान का?"

शशिकलाबाईंनी त्याच दुपारी लुगड्यावरचे आयोडीनचे डाग काढायला लिंबू मागवलं.