त्रिकनकोचा स्टोव्ह

"सई, ऐक! असं नाव काढलंय, की पृथ्वीच्या पाठीवर कुणाचं नसेल!" मैलापूरच्या बिऱ्हाडात पाऊल टाकताटाकताच जनकोजींनी आरोळी ठोकली. "त्रिकनको!"

"खोकल्याचं औषध आहे का हो?" कॉफी गाळतागाळता सईबाईंनी विचारलं.

"औषध नव्हे, कंपनी! मुळात नसलेली कंपनी!"

जनकोजी मूळचे तंजावरचे. मद्रासला येऊन बारा वर्षं त्यांनी सिनेमाची पोस्टरं रंगवली होती, आणि आता १९५९च्या दिवाळीला त्यांचं स्वतःचं, दहा मिनिटांचं कार्टून पडद्यावर येणार होतं. परदेशी कार्टूनांतली एक गंमत त्यांनी बरोबर हेरली होती. पात्रं जी काही यंत्रं मागवतात, त्या सगळ्या खोक्यांवर नाव एकाच बनावट कंपनीचं! आणि तिची प्रत्येक वस्तू ऐन वेळी दगा देते. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेपासून तर नुसतं नाव दिसलं तरी लोक पोट धरून हसतात!

"टेलिफोन डिरेक्टरी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळली," जनकोजी म्हणाले. "त्रिकनको नाही म्हणजे नाही! आणि शेवटचं खोकं कसलं, सांगू? स्टोव्हचं! आपल्या मालकांचा धंदाच स्टोव्हचा. बघ, कसे खूश होतात!"

मालक म्हणजे कृष्णस्वामीराव. चायना बझारात त्यांचं कंदील आणि स्टोव्हचं दुकान होतं, आणि सिनेमाच्या हौसेपायी त्यांनी या कार्टूनला भांडवल पुरवलं होतं.

शुक्रवारी माउंट रोडवरच्या थिएटरात कार्टून झळकलं. गोष्ट साधी. लठ्ठ बोक्याचा वडा कावळ्यानं पळवला, म्हणून बोका त्याच्या मागे! पहिलं खोकं आलं: त्रिकनको स्प्रिंगचे बूट. बोका ताडाच्या शेंड्यात अडकला. थिएटर खदखदलं! दुसरं खोकं: त्रिकनको तोफ. गोळा उलटा फिरून बोक्याच्याच शेपटीला! तिसरं खोकं दिसताच बाल्कनीतून लोक ओरडायला लागले, "त्रिकनको! त्रिकनको!" आणि शेवटी त्रिकनको स्टोव्ह! बोक्यानं दोनदा पंप मारला, काडी लावली, आणि धडाम! बोका थेट चंद्रावर! लोकांनी शिट्ट्यांनी छप्पर डोक्यावर घेतलं.

पुढच्या रांगेत कृष्णस्वामीरावांचे खांदे गदगदा हलत होते. "बघ, किती हसतायत!" जनकोजी सईबाईंच्या कानाशी कुजबुजले.

दिवे लागले. कृष्णस्वामीराव हसत नव्हते. त्यांचा चेहरा उकडलेल्या बीटासारखा झाला होता.

"अय्यो जनकोजी! माझ्या मुली कोण?"

"त्रिपुरसुंदरी आणि कनका, सार."

"त्रि! कन! आणि कंपनीचा को! मुलींच्या नावावर नवीन स्टोव्ह काढतोय मी. दोन हजार नग तयार. पितळेवर नाव ठोकून झालंय. रविवारी उद्घाटन! नाव अजून घरच्यांनाही सांगितलं नव्हतं. तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही, सार! देवाशपथ माझं मला सुचलं!"

"गोष्ट ऐकवायला आलास, तेव्हा माझ्या टेबलावरच्या टीपकागदावर कोंबड्या काढत बसला होतास! त्याच कागदावर मी ते नाव दहादा गिरवलेलं होतं!"

जनकोजींना तो टीपकागद आठवला. कोंबड्याही आठवल्या.

"सार, हजारभर चित्रांत ते खोकं आहे. पुसायला दोन महिने लागतील."

"मग रविवारी सगळ्यांदेखत स्टोव्ह तू पेटवायचा! फुटला, तर तूही बोक्याच्या मागोमाग जा!"

रविवारी सकाळी चायना बझारात हीऽऽ गर्दी! ट्राम बंद झाल्यापासून त्या रस्त्यानं एवढी माणसं पाहिली नव्हती. मात्र खरेदीला कुणीच आलं नव्हतं. सगळे आले होते स्फोट बघायला! फुगेवाला आला, उकडलेल्या चण्यांचं सुंडल विकणाराही आला. सईबाईंनी नवऱ्याच्या अंगावर ओलं पोतं घातलं आणि म्हणाल्या, "कोट तरी काढून ठेवा. नवा आहे."

जनकोजी स्टोव्हपुढे बसले. त्यांनी पहिला पंप मारला. गर्दी दहा पावलं मागे! दुसरा पंप. बायकांनी कानांत बोटं घातली. कृष्णस्वामीराव खांबामागे. जनकोजींनी डोळे मिटले आणि काडी लावली.

भर्रर्र! निळी, गोल, देखणी ज्योत. बस्स.

जनकोजींनी एक डोळा उघडला. मग दुसरा. त्यांनी कॉफीचं पाणी ठेवलं. पाणीसुद्धा मुकाट उकळलं!

"फुटला नाही!" मागून कुणीतरी हिरमुसून ओरडलं. "फसवणूक! घरी चला!"

गर्दी पांगायला लागली. कृष्णस्वामीरावांनी कपाळावर हात मारला. तेवढ्यात अन्नपूर्णाबाई नावाच्या, काठी टेकत आलेल्या एक म्हाताऱ्या बाई पुढे सरसावल्या. त्यांनी स्टोव्ह चहूबाजूंनी न्याहाळला.

"आमच्या घरचा स्टोव्ह कुणी काही न बोलता फुटला," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. "याला अख्खं मद्रास 'फूट, फूट' म्हणतंय, तरी हा फुटत नाही! मला दोन द्या!"

गर्दी थबकली. वळली. आणि अशी तुटून पडली, की संध्याकाळी दुकानात एक बर्नर उरला नाही!

कृष्णस्वामीरावांनी जनकोजींना मिठी मारली, पोत्यासकट. "लगेच दुसरं कार्टून काढ! पण यात त्रिकनकोची प्रत्येक वस्तू उत्तम चालली पाहिजे!"

"सार, मग लोक हसतील कशाला?"

"हसू नकोत! कौतुक करू देत!"

जनकोजींनी पाच महिने खपून ते काढलं. बूट छान उडाले, तोफेनं अचूक नेम साधला, आणि बोक्यानं स्टोव्हवर शांतपणे वडे तळून खाल्ले. थिएटरात शिट्टी नाही, टाळी नाही. फक्त पुढच्या रांगेतून एकच आवाज येत होता, लांब आणि संथ. कृष्णस्वामीराव घोरत होते.