रेडीची माशी

आमच्या शेजारचे नाना कुणाकडंही दोन्ही डोळ्यांनी बघत नाहीत. समोर माणूस आला की ते डावा डोळा मिटतात, उजवा हात लांब करून अंगठा उभा धरतात, अंगठ्याच्या टोकावर त्या माणसाला नीट बसवतात, श्वास रोखतात आणि पुटपुटतात, "सोडला." मग हात खाली. मग रामराम.

तलाठी आला, सोडला. नवी नर्सबाई आली, सोडली. वेल्ह्याची एसटी वळणावर दिसली, सोडली. दावं तोडून वासरू पळालं, सोडलं. नवखा माणूस दचकतो, पण गावाला सवय आहे. नाना पलटणीत बंदुका दुरुस्त करायच्या कामावर होते. तिथलं खूळ डोक्यात राहिलंय, असं सगळे धरून चालतात. बार सोडला, गोळी सोडली, असं काहीतरी असणार. मीही तेच धरून चालले, चांगली चाळीस-पंचेचाळीस वर्षं. मी पहिल्यापासून हुशारच. माझ्या हुशारीची गोष्ट आधी सांगते.

माझं माहेर भोंगवलीचं. बंदूक म्हणजे जत्रेत फुगे फोडायची, एवढंच माझं ज्ञान. लग्न होऊन इकडं वेल्ह्याच्या वर, डोंगराला टेकलेल्या या गावात आले, तेव्हा वय अठरा आणि अक्कल आठ. सासरी रानडुकरांसाठी परवान्याची एकनळी बंदूक होती. एका सकाळी आमचे हे शेतावर निघताना म्हणाले, "नाना सुट्टीवर आलाय. माशी बघाया यील. लई घाण झालीया, जरा पुसून तेल लावून ठेव."

नळीच्या टोकाला मोहरीएवढा मणी असतो, ज्याच्यावरून नेम धरतात. त्याला माशी म्हणतात, हे मला कोण सांगणार? आणि सासरी विचारायचं कुणाला? मी घरभर माशी शोधली. माश्या पुष्कळ होत्या, पण तेल लावून घेईल अशी एकही दिसेना. मग गोठ्यात गेले. तिथं म्हशीचं नाव मैना, गायीचं कपिली. मग नव्या रेडीचं नाव माशी का नसावं? काळीभोर होती. घाणही होती. मी तिला ओढून बाहेर काढली, चार घागरी पाणी ओतलं, आणि सासूबाईंची खोबरेलाची अख्खी बाटली चोळली.

नाना आले. दारातूनच विचारलं, "वैनी, माशी पुसली का?"

"पुसली की."

"तेल?"

"लावलं. कानामागं बी लावलं. शेपटीला तेवढा हात लावू देत न्हाई."

मी रेडी पुढं आणली. उन्हात ती नव्या बुटासारखी चमकत होती. नानांनी डावा डोळा मिटला, अंगठा धरला. "सोडली," म्हणाले. मग अगदी गंभीर तोंडानं, "झकास. अशी माशी उभ्या पलटणीत न्हाई."

दुसरा कुणी असता तर संध्याकाळच्या आत ही गोष्ट गावभर झाली असती. नानांनी ती कुणाला म्हणजे कुणाला सांगितली नाही. आमच्या ह्यांनासुद्धा नाही. उलट दुसऱ्या दिवशी येऊन मला खिडकीच्या गजावर खिळा धरून सगळं समजावलं. मागची खाच, पुढची माशी आणि सावज, तिन्ही एका रेघेत कशी यायची. "माशी बुटकी तर गोळी उंच, माशी उंच तर गोळी बुटकी," हे माझ्याकडून पाढ्यासारखं पाठ करून घेतलं. मात्र तेव्हापासून मी एकटी भेटले की चेहरा सुतकी करून विचारतात, "वैनी, रेडीची माशी कशी हाय?" त्या रेडीची म्हैस झाली, म्हातारी झाली, गेली. नाना अजून विचारतात.

पेन्शन घेऊन ते गावी आले, तसे खोऱ्यातले सगळे परवानेवाले त्यांच्या ओट्यावर येऊ लागले. नानांची बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. बंदुकांचीच काय ती वर्दळ. माशीला ते माणसासारखं जपतात. पावसाळ्यात आठवड्याला सुती चिंधीनं पुसणार, तेलाचा एकच थेंब, तोही बोटानं पसरून. दिवेलागणीला माशी दिसावी म्हणून तिच्यावर तंबाखूच्या डबीतल्या चुन्याचा ठिपका. कुणी बंदुकीवर बसवायची दुर्बीण आणली तर तिच्या भिंगाला पदर लावू देत नाहीत. "पदरात धूळ अस्ती वैनी, चरा उठतोय. आदी फुंकायचं, मग पुसायचं." चार महिने इथं ढग घरात येऊन बसतो, भिंगावर बुरशी धरते. म्हणून दुर्बीण तांदळाच्या डब्यात.

इतका जाणता माणूस, पण एक मेख होती. नानांनी माशी जुळवलेल्या बंदुकीनं आजवर एक डुक्कर पडलेलं नाही. बार दणक्यात होतो, डुकरं पळतात, चार दिवस येत नाहीत. संपलं. लोक तोंडावर म्हणतात, "नाना, तुमची माशी आंधळी हाय का वो?"

"माशी चांगली हाय. तुमचा खांदा हलतोय."

यंदा भादव्यात माझ्या भुईमुगात एक डुकरीण शिरायला लागली. अर्धं वावर नांगरल्यासारखं उकरलं. मी चिडले, शिव्या दिल्या, आणि शिवऱ्याला फोन केला. माझा संजय तिथं हायवेवर टायरचं दुकान चालवतो. ह्यांच्या माघारी परवाना आता त्याच्या नावावर आहे. तो आला तो पुण्याहून आणलेली दुर्बीण घेऊनच.

"नाना, ही बसवून नेम जुळवून द्या. माशीबिशी बास झाली आता."

नानांनी दुर्बीण हातात घेतली. "हिला लांबचं दिसतंय. आपलं रान दाट, डुक्कर जवळ. रुंद दाखवनारी घ्यायची. आन् ह्या एकनळीला दुर्बीण म्हंजी माझ्या आजीला गॉगल."

"ते असू द्या. रविवारी मी वावरात बसणार."

बुधवारी नाना म्हणाले, भिंगात ओल हाय. गुरुवारी म्हणाले, पट्टीचा स्क्रू आटा धरत न्हाई. शुक्रवारी मी चहा घेऊन गेले, तर त्यांनी मानही वर केली नाही, अंगठाही उचलला नाही. ओट्यावर आमची बंदूक मांडीवर घेऊन बसले होते. शेजारी तांदळाचा डबा, त्यात दुर्बीण. दरीतून ढग वर येत होता, हळू, दुधावर साय यावी तसा.

"बघू," म्हणून मी बंदूक मागितली. नानांनी नळी बिजागरीवर वाकवून आत काडतूस नाही हे दोनदा पाहिलं आणि दिली. मी म्हातारीनं डावा डोळा मिटला. खाचेत ढग भरला होता. त्यात तोरणा निम्मा विरघळलेला, खाली माझा बांध, बांधावरचा आंबा, सगळं पाण्याखाली असल्यासारखं हलत होतं. सगळ्याच्या मधोमध माशी. खूप वेळ बघत राहिले. मग दिसलं. माशीचं डोकं चपटं होतं. मणी निम्माच उरला होता, त्यावर कानशीचे बारीक चरे.

माझ्या तोंडून पाढा निघाला. "माशी बुटकी, तर गोळी उंच."

नानांनी डब्याचं झाकण घट्ट लावलं.

"सगळ्यांच्या घासल्यात, भावजी?"

"सगळ्यांच्या. निम्म्या-निम्म्या. डुकराच्या पाठीवरनं बरोबर हातभर वर जाती."

"लोक तुमची माशी आंधळी म्हणत्यात!"

"म्हनू द्या." त्यांनी चहा बशीत ओतला, प्यायले नाहीत. "पलटणीत म्या जुळवलेली माशी कदी चुकली न्हाई, वैनी. कुनाला लागलं, त्येचं त्वांड म्या बघितलं न्हाई. बघितलं असतं तर एकच दिसलं असतं. आता हरेक मानसात दिसतंय. म्हनून नेम धरतो आन् सोडून देतो."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. बाप्याला सोडला, बाईला सोडली, वासराला सोडलं. गोळी असती तर सगळ्यांनाच 'सोडली' म्हणाले असते. चौथीपर्यंत शिकलेली मी, लिंग-वचनात पहिली यायचे!

"मग हिच्यावर करा की काहीतरी," मी डब्याकडं बोट केलं.

"हिला नेम हलवायच्या दोन फिरक्या हायत्या. म्या वाकडी लावली तर संजय मोबाईलवर बघून सरळ करंल. हिच्याफुडं माझं काय चालत न्हाई." ते वावराकडं बघत म्हणाले, "सात पिलं हायती त्या डुकरिणीमागं. रांगेनं जात्यात. शाळा सुटल्यावानी."

मी डबा उचलून घरी आणला. भुईमुगाचं मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. चुलीपाशी गेले. मग राख घेतली, नारळाची शेंडी घेतली, आणि पितळेचा तांब्या घासते तशी दोन्ही भिंगं घासली. वरून खोबरेल चोपडलं. सढळ हातानं.

शनिवारी संजय आला. डबा उघडून त्यानं दुर्बीण डोळ्याला लावली आणि ओरडला, "आई! हे काय केलंस?"

"का रे? घाण झाली हुती. पुसली, तेल लावलं."

"दुर्बिणीला तेल?"

"मला काय ठाऊक बाबा. अडाणी मी."

त्यानं कपाळावर हात मारला, आणि अर्ध्या तासात शिवऱ्याला निघून गेला. कुंपणापलीकडं नाना उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. अंगठा वर आला, हवेत थांबला, आणि खाली गेला. मग नानांनी दोन्ही डोळे उघडे ठेवून माझ्याकडं बघितलं. डावा डोळा मी पहिल्यांदाच नीट पाहिला. ओला होता.

"वैनी," ते म्हणाले, "रेडीची माशी कशी हाय?"

"सोडली, भावजी," मी म्हटलं.