शेपटराव खाकरतात

एका जंगलात, बाळांनो, एक वानर राहायचं. जंगल कोणतं ते विचारू नका. तिथले वकील फार चपळ आहेत.

वानराचं नाव शेपट्या. झाडाच्या शेंड्यावर बसायचं आणि वाघ दिसला की खाकरायचं, एवढंच त्याचं काम. खॅक, खॅक. तेवढ्यावर खालची हरणं पाणी टाकून पळायची. ठिपकी नावाची हरिणी तर वाघ कुठे आहे हेही बघायची नाही. "शेपट्या खाकरला ना, मग झालं," म्हणायची आणि सुटायची.

वाघमहाराजांना उपास घडू लागले. त्यांनी कोल्ह्याला बोलावलं.

"त्या वानराला खाऊन टाकू का?"

"छे, महाराज. त्याला मोठा करू."

कोल्हा झाडाखाली गेला. "शेपटराव," त्याने हाक मारली. आजवर कोणी राव म्हटलं नव्हतं, म्हणून शेपट्याने आधी मागे वळून पाहिलं.

"अहो, एवढा अनुभव तुमचा, आणि नुसतं खाकरता? भाष्य करा. वाघ आला हे कोणीही सांगेल. वाघ का येतो, हे कोण सांगणार?"

पाणवठ्यावरचं भलंथोरलं उंबराचं झाड शेपटरावांना मिळालं. तिथे रोज संध्याकाळी त्यांचं भाष्य सुरू झालं.

आता भाष्यकाराला बोलण्याआधी घसा साफ करावाच लागतो. नाहीतर तो भाष्यकार वाटत नाही. खॅक, खॅक. "वाघाकडे नुसते दात म्हणून बघणं एकांगी ठरेल." खॅक. "त्यांना शेपूटही आहे."

पहिल्या दिवशी सगळी हरणं पळाली. शेपटराव भयंकर रागावले. "मी बोलतोय आणि तुम्ही उठून जाता? ही काय रीत झाली?" दुसऱ्या दिवशी निम्मीच पळाली. पुढे पुढे कोणीच पळेना. खाकरल्याचा आवाज आला की सगळे पाय दुमडून बसायचे. शेपटरावांचं नाव झालं. शेजारच्या जंगलातूनही बोलावणी येऊ लागली.

एकदा ठिपकीने विचारलं, "शेपट्या, तू खाकरलास की पळायचं का बसायचं, ते एकदाचं सांग बाबा. माझ्याजवळ आता पाडस आहे."

"संदर्भ बघायचा, ठिपकीबाई," शेपटराव म्हणाले आणि उंबरं खाऊ लागले.

मग एका संध्याकाळी त्यांना गवतात खरंच वाघ दिसला. खोटं कशाला बोलू, त्यांची जुनी सवय उसळून आली. ते अगदी मनापासून खाकरले, पूर्वीसारखे. खॅक, खॅक, खॅक.

"बस रे," ठिपकीने पाडसाला खाली बसवलं. "काका बोलणार आहेत."

वाघ आला, एवढे दोनच शब्द पुरले असते. पण दोन शब्दांत बोलणं आता शेपटरावांना जमत नव्हतं. "सध्याची एकूण परिस्थिती पाहता, गवताच्या दिशेने काही विशिष्ट घटकांकडून..." त्यांनी सुरुवात केली. वाक्य क्रियापदापर्यंत पोचायच्या आत पाडस गेलं.

दुसऱ्या दिवशीचा विषय होता, 'पाडस पाण्याजवळ बसलंच का?' ठिपकीला खास बोलावणं होतं. महाराज येऊ शकले नाहीत. त्यांचं पोट भरलेलं होतं, म्हणून त्यांची बाजू मांडायला कोल्हा आला.

"ठिपकीबाई," शेपटराव म्हणाले, "नेमक्या काय भावना आहेत आपल्या?"

ठिपकीने वर पाहिलं. "तू खाकरलास," ती म्हणाली, "म्हणून मी त्याला बसवलं."

कोल्हासुद्धा दुसरीकडे बघू लागला. मला तर हे सांगताना अजून संताप येतो. शेपटरावांनी तोंड उघडलं, पण उत्तर काही सुचेना.

सुचेना, म्हणून ते खाकरले.

सगळे जरा पुढे सरकून नीट बसले.

तात्पर्य: संकटाची सूचना जरूर द्यावी. मात्र ती ऐकून कोणी उठून जाणार नाही, इतकी प्रतिष्ठा आधी कमवावी.